माणसाचा डीएनए : आदिमानवापासून आजपर्यंतचे बदल

माणसाच्या डीएनएचा एक संच सुमारे ३०० कोटी अक्षरांचा असतो. ए, टी, जी आणि सी ही चार रासायनिक घटकांची अक्षरे आणि त्यांचा क्रम म्हणजेच आनुवंशिक मजकूर. आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन संच जवळपास प्रत्येक पेशीच्या केंद्रकात, गुणसूत्रांच्या २३ जोड्यांमध्ये असतात. प्रथिने कशी तयार करायची हे सांगणारा भाग या मजकुराच्या जेमतेम दीड-दोन टक्के भरतो. उरलेल्यापैकी काही भाग कोणते जनुक कुठे, केव्हा आणि किती काम करील हे ठरवतो, तर बराच भाग कोणतेही ठळक काम न करता पिढ्यान्‌पिढ्या पुढे जात राहतो.

प्रत्येक पिढीत या मजकुराची नक्कल होते. नक्कल करणारी यंत्रणा कमालीची अचूक असली तरी निर्दोष नाही. आई, वडील आणि मूल या तिघांचा संपूर्ण डीएनए तपासला, तर मुलात साधारण ६० ते ७० बदल असे सापडतात, जे आईवडिलांपैकी कोणाकडूनही आलेले नसतात. यांनाच उत्परिवर्तने म्हणतात. आइसलँडमधील कुटुंबांच्या २०१२ सालच्या अभ्यासातून असे दिसले, की वडिलांचे वय जास्त असेल तर मुलातील नवे बदलही वाढतात. पुरुषाच्या शरीरात शुक्रपेशी आयुष्यभर तयार होत राहतात आणि त्यासाठी डीएनएची पुन्हा पुन्हा नक्कल होत राहते, हे त्याचे मुख्य कारण.

यातील बहुतेक बदलांनी काहीच बिघडत नाही आणि काही सुधारतही नाही. थोडे बदल घातक असतात. ते असलेल्यांना संतती कमी होते आणि ते हळूहळू मागे पडतात. क्वचित एखादा बदल त्या ठिकाणी, त्या काळी उपयोगी पडतो आणि पिढ्यांमागून पिढ्या पसरत जातो. हीच नैसर्गिक निवड. लोकसंख्या लहान असेल तर निव्वळ योगायोगानेही एखादा बदल सर्वत्र पसरतो किंवा नाहीसा होतो. माणसाच्या डीएनएचा लाखो वर्षांचा इतिहास उत्परिवर्तन, निवड आणि योगायोग या तिन्हींतून घडला आहे. निरनिराळ्या मानवी गटांच्या मीलनातून झालेली सरमिसळ हे त्यातले चौथे कारण.

चिंपांझींपासून फारकत

माणूस आणि चिंपांझी यांचे सामाईक पूर्वज सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत राहत होते. चिंपांझीच्या डीएनएचे वाचन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा दोन्ही मजकुरांत सुमारे साडेतीन कोटी ठिकाणी एकेका अक्षराचा फरक आढळला. टक्केवारीत हा फरक सव्वा टक्क्याच्या आसपास भरतो. अक्षरांचे मोठे गट गळाले, वाढले किंवा दुप्पट झाले, असे फरक याहून वेगळे. यातले निम्म्याच्या आसपास बदल माणसाच्या शाखेत झाले, उरलेले चिंपांझीच्या.

सर्वांत ठळक बदल सूक्ष्मदर्शकाखालीही दिसतो. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या पेशींत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, माणसात २३. माणसाच्या पूर्वजांमध्ये दोन गुणसूत्रे टोकाला टोक जोडून एक झाली, तेच आजचे दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र. गुणसूत्राच्या टोकाला एक ठरावीक अक्षरक्रम पुन्हा पुन्हा येतो. तो क्रम या गुणसूत्राच्या मधल्या भागातही आढळतो, आणि गुणसूत्रात एकच मध्यबिंदू असायला हवा तिथे दुसऱ्या, निकामी झालेल्या मध्यबिंदूच्या खुणा दिसतात.

लहान पण फार बोलका बदल ‘एचएआर १’ नावाच्या तुकड्यात दिसतो. हा तुकडा अवघ्या ११८ अक्षरांचा आहे. कोंबडी आणि चिंपांझी यांच्या शाखा सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, तरी या तुकड्यात दोघांमध्ये फक्त दोन अक्षरांचा फरक आहे. चिंपांझी आणि माणूस यांच्यात मात्र १८ अक्षरे वेगळी आहेत. कोट्यवधी वर्षे जवळजवळ जसाच्या तसा राहिलेला मजकूर माणसाच्या शाखेत झपाट्याने बदलला. हा तुकडा गर्भातील मेंदूचा बाह्यस्तर घडत असताना कार्यरत असतो. कॅथरीन पोलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००६ मध्ये उजेडात आणला.

काही जनुकांच्या जादा प्रती तयार झाल्या आणि त्या वेगळे काम करू लागल्या. ‘एआरएचजीएपी ११ बी’ हे जनुक अशा अर्धवट नकलेतून जन्मले. ते चिंपांझीत नाही. मार्मोसेट माकडांच्या गर्भात ते घातले असता त्यांच्या मेंदूचा बाह्यस्तर वाढला आणि त्याला घड्या पडू लागल्या. एकाच जनुकाने माणूस घडला असे मात्र कोणत्याही शोधातून निष्पन्न होत नाही. मेंदू, हात, घसा, केस, घाम यांच्यातील फरक अनेक लहान बदलांच्या एकत्र परिणामातून आले आहेत.

हाडांतून वाचलेला डीएनए

आधुनिक मानवाच्या ठेवणीचे सर्वांत जुने अवशेष मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथे मिळाले आहेत. ते सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे आहेत. इतक्या जुन्या हाडांत, विशेषतः उष्ण प्रदेशात, डीएनए टिकत नाही. उष्णता, ओलावा आणि जिवाणू त्याचे तुकडे करतात. भारतात प्राचीन डीएनए मिळवणे फार कठीण जाते, तेही याच कारणाने. थंड प्रदेशांतील गुहांत मात्र तो हजारो वर्षे उरतो.

स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते पेबो यांच्या गटाने १९९७ मध्ये नामशेष झालेल्या निअँडरथल मानवाच्या हाडातून डीएनएचा छोटा भाग वाचला. २०१० मध्ये याच गटाने निअँडरथलच्या संपूर्ण डीएनएचा पहिला आराखडा प्रसिद्ध केला. त्याच वर्षी सायबेरियातील डेनिसोव्हा गुहेत सापडलेल्या बोटाच्या हाडाच्या तुकड्यातून तोवर कोणालाही माहीत नसलेल्या मानवगटाचा पत्ता लागला. डीएनएच्या आधारे ओळखला गेलेला हा पहिला मानवगट, डेनिसोव्हा. या कामासाठी पेबो यांना २०२२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या वाचनामुळे एक मोलाची तुलना शक्य झाली. आजच्या जवळपास सर्व माणसांत आहेत, पण निअँडरथल आणि डेनिसोव्हा यांच्यात नव्हते, असे प्रथिनांमध्ये फरक घडवणारे बदल शंभराच्या आसपासच निघाले. मोठा मेंदू, अवजारे, विस्तव यांपैकी बरेच काही या गटांकडेही होते. आधुनिक मानवाचे वेगळेपण डीएनएच्या फार थोड्या भागात आहे.

सरमिसळ

आधुनिक मानव आफ्रिकेबाहेर पडून आशिया-युरोपात पसरला, तेव्हा तिथे निअँडरथल आधीपासून राहत होते. सुमारे ४५ ते ५० हजार वर्षांपूर्वी या दोन गटांचे मीलन झाले. आफ्रिकेबाहेरच्या जवळपास प्रत्येक माणसाच्या डीएनएत आजही एक ते दोन टक्के निअँडरथल अंश आहे. भारतीयही याला अपवाद नाहीत. डेनिसोव्हा अंश पापुआ न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांवरील लोकांत सर्वाधिक, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास किंवा थोडा जास्त आहे. या दोन प्राचीन गटांचे आपसांतही मीलन होत असे. डेनिसोव्हा गुहेतील एका हाडाचा डीएनए २०१८ मध्ये वाचला गेला, तेव्हा ती मुलगी निअँडरथल आई आणि डेनिसोव्हा वडील यांची असल्याचे सिद्ध झाले.

या वारशातील पुष्कळसा भाग पुढे गळून पडला, पण काही तुकडे टिकले, कारण ते कामाचे होते. तिबेटचे पठार समुद्रसपाटीपासून सरासरी चार हजार मीटरहून उंच आहे. तिथे गेलेल्या मैदानी माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशी वाढतात, रक्त दाट होते आणि हृदयावर ताण येतो. तिबेटी लोकांत ‘ईपीएएस १’ या जनुकाचे असे रूप आहे, ज्यामुळे रक्त प्रमाणाबाहेर दाट होत नाही. हे रूप डेनिसोव्हा मानवाकडून आलेले आहे, असे २०१४ मध्ये स्पष्ट झाले.

दुसरे उदाहरण थेट भारतीयांशी निगडित आहे. कोविडच्या साथीत काही जणांचा आजार इतका गंभीर का होतो, याचा शोध घेताना तिसऱ्या गुणसूत्रावरील सुमारे ५० हजार अक्षरांचा एक तुकडा पुढे आला. तो निअँडरथलांकडून आलेला असल्याचे ह्यूगो झेबर्ग आणि पेबो यांनी २०२० मध्ये दाखवले. दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांकडे या तुकड्याची निदान एक प्रत आहे. युरोपात हे प्रमाण सुमारे १६ टक्के आहे. बाराव्या गुणसूत्रावरचा दुसरा एक निअँडरथल तुकडा मात्र याच आजारात काही प्रमाणात संरक्षण देतो. एकाच पूर्वजगटाकडून आलेल्या दोन तुकड्यांचा एकाच रोगात उलटसुलट परिणाम व्हावा, यावरून वारशाला सरसकट चांगला किंवा वाईट ठरवता येत नाही, हे उघड आहे.

ऊन, दूध आणि धान्य

अंगावरचे दाट केस कमी झाल्यावर आफ्रिकेच्या प्रखर उन्हात गडद त्वचेचा फायदा झाला. गर्भाच्या वाढीला आवश्यक असलेले फोलेट जीवनसत्त्व अतिनील किरणांनी नष्ट होते. त्वचेतील रंगद्रव्य त्याचे रक्षण करते. उत्तरेकडील मंद उन्हात मात्र गडद त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही. तिथे उजळ त्वचेचे बदल पसरले. ‘एसएलसी २४ ए ५’ या जनुकातील एका अक्षराचा बदल त्यांतला प्रमुख. तो युरोपात जवळजवळ सर्वांमध्ये आहे आणि भारतात कमीअधिक प्रमाणात सर्वदूर आढळतो. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञांच्या सहभागाने झालेल्या २०१३ च्या अभ्यासानुसार दोन्हीकडच्या लोकांत हा बदल एकाच उगमातून आला आहे. उजळ त्वचा युरोपातही फार जुनी नाही. स्पेनमधील ला ब्रान्या येथे सापडलेल्या सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्याच्या डीएनएत डोळे निळे, पण त्वचा सावळी असल्याच्या खुणा मिळाल्या.

पशुपालन सुरू झाल्यावर दुधाने डीएनएवर ठसा उमटवला. दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारे लॅक्टेज हे विकर सस्तन प्राण्यांत अंगावरचे दूध सुटल्यावर कमी होते. माणसातही मूळ व्यवस्था हीच आहे आणि जगातील बहुसंख्य प्रौढांत आजही तीच चालू आहे. पशुपालक समाजांत मात्र लॅक्टेजच्या जनुकापासून सुमारे १४ हजार अक्षरे दूर असलेल्या एका ‘सी’च्या जागी ‘टी’ आला आणि ते जनुक मोठेपणीही चालू राहू लागले. भारतात हा बदल वायव्येकडे जास्त आणि दक्षिण-पूर्वेकडे कमी होत जातो. तो युरोपातील बदलासारखाच आहे. पूर्व आफ्रिकेतील पशुपालकांत त्याच भागातील वेगळ्या अक्षरांत बदल होऊन तोच परिणाम साधला गेला. ज्यांच्यात असा बदल नाही, त्यांनाही दही आणि ताक बहुधा सोसते, कारण विरजणातील जिवाणू बरेचसे लॅक्टोज आधीच संपवतात.

आहाराशी निगडित एका अभ्यासात पुण्याचाही वाटा आहे. वनस्पतीजन्य तेलांतील तुलनेने लहान साखळीच्या मेदाम्लांपासून मेंदूला आणि पेशींना लागणारी लांब साखळीची मेदाम्ले तयार करण्याचे काम ‘एफएडीएस’ जनुके करतात. यांपैकी एका जनुकात २२ अक्षरांची भर पडली की हे काम जास्त कार्यक्षमतेने होते. पुण्यातील मुख्यतः शाकाहारी अशा २३४ जणांच्या डीएनएत ६८ टक्के लोकांकडे या बदलाच्या दोन्ही प्रती होत्या. अमेरिकेतील ३११ जणांत हे प्रमाण १८ टक्के होते. २०१६ च्या या अभ्यासातील संशोधकांनी एक इशाराही दिला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शाकाहाराला अनुकूल ठरलेला हा बदल, आजच्या आहारात ओमेगा-६ मेदाम्लांनी भरलेली तेले वाढल्यावर शरीरातील दाह वाढवू शकतो.

रोगांचा ठसा

माणसाच्या डीएनएवर सर्वांत खोल ठसा रोगांनी उमटवला, आणि त्यात हिवतापाचा क्रमांक वरचा आहे. तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिनचा एक घटक बनवणारे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. या जनुकात एके ठिकाणी ‘जीएजी’ अशी तीन अक्षरे असतात. त्यांतल्या ‘ए’च्या जागी ‘टी’ आला की ‘जीटीजी’ होते आणि प्रथिनात ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसते. एवढ्याशा फरकाने, प्राणवायू कमी पडताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे कडक दोर होतात आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदना होतात आणि पेशी लवकर फुटत असल्याने रक्तक्षय होतो. हाच सिकलसेल आजार.

हा बदल नाहीसा का झाला नाही, याचे उत्तर अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील कामावरून दिले. बदललेली एकच प्रत असलेली व्यक्ती, म्हणजे वाहक, सहसा निरोगी असते आणि गंभीर हिवतापापासून तिला बरेच संरक्षण मिळते. दोन प्रती मिळालेल्या मुलाला मात्र आजार होतो. जिथे हिवताप होता तिथे वाहक जगले, म्हणून बदलही टिकला. त्याची किंमत काही मुले मोजत राहिली. आफ्रिका, अरबस्तान आणि मध्य भारतातील जंगलपट्टा या हिवतापाच्या प्रदेशांतच हा बदल जास्त आढळतो. महाराष्ट्रात विदर्भ आणि नंदुरबारच्या पट्ट्यात, भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा आदिवासी समाजांत आणि इतर काही समाजांतही त्याचे वाहक बरेच आहेत.

भारतातील मिश्रण आणि जातीतले विवाह

भारतीयांच्या डीएनएत निरनिराळ्या काळी आलेल्या गटांचा अंश आहे. हरियाणातील राखीगढी येथील हडप्पाकालीन स्त्रीच्या हाडातून डीएनए मिळवण्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांचे सहकारी यशस्वी झाले. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्यात इराणी पठाराशी दूरचे नाते असलेला अंश आणि दक्षिण आशियातील प्राचीन शिकाऱ्यांचा अंश होता. मध्य आशियाई गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा नव्हता. तो नंतरच्या काळात मिसळला. २०१३ च्या एका अभ्यासानुसार सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी भारतात मोठ्या प्रमाणावर सरमिसळ झाली आणि पुढे जातीतल्या जातीतच विवाह होऊ लागल्याने ती थांबली.

याचा परिणाम आरोग्यावर झाला. लहान मूळ गटातून वाढलेल्या आणि बाहेर विवाह न करणाऱ्या समाजात एखाद्या पूर्वजाचा दोष योगायोगाने अनेकांत पसरतो. आंध्र आणि तेलंगणातील वैश्य समाजात एका विकराची कमतरता इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळते. अशा व्यक्तीला शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करणारे ठरावीक औषध दिले, तर त्याचा परिणाम धोकादायकरीत्या लांबतो. हृदयाच्या स्नायूतील एका जनुकातून २५ अक्षरे गळाल्याचा बदल दक्षिण आशियात शंभरात सुमारे चौघांकडे आहे आणि त्याने उतारवयात हृदय निकामी होण्याचा धोका वाढतो. मुलेबाळे झाल्यानंतर त्रास देणारा असा दोष नैसर्गिक निवडीच्या तावडीतून सुटतो.

बदल किती, आणि पुढे काय

इतके बदल होऊनही जगातील कोणत्याही दोन माणसांचे डीएनए ९९.९ टक्के सारखे असतात. चिंपांझींमध्ये यापेक्षा अधिक विविधता आहे. मानवी पूर्वजांची संख्या दीर्घकाळ फार थोडी होती, त्यामुळे हा सारखेपणा आला. सर्वाधिक विविधता आफ्रिकेत आहे, कारण माणूस तिथे सर्वांत जास्त काळ राहिला आहे. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये दाखवले, की माणसांतील आनुवंशिक फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहातील व्यक्तींमध्येच असतात. मानवजातीचे वेगवेगळे, उच्चनीच वंश पाडण्याला डीएनएत कोणताही आधार नाही.

बदल थांबलेलेही नाहीत. शेतीनंतर लोकसंख्या वेगाने वाढली आणि प्रत्येक नव्या जन्माबरोबर नवे बदल आले. म्हणून प्रथिनांशी निगडित असलेले बहुसंख्य बदल गेल्या पाच ते दहा हजार वर्षांतलेच आहेत. आता तर माणूस स्वतः हा मजकूर दुरुस्त करू लागला आहे. डीएनए हव्या त्या जागी कापून बदलणाऱ्या क्रिस्पर तंत्रावर आधारलेल्या सिकलसेलवरील पहिल्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्या अस्थिमज्जेतील पेशींत बदल करून गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा सुरू केले जाते. हा बदल रुग्णापुरता राहतो, मुलांकडे जात नाही.

असा उपचार अतिशय महाग आहे. आपल्याकडे त्याहून सोपा उपाय हाताशी आहे, तो रक्ततपासणीचा. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात आदिवासीबहुल भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. पती आणि पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एकच जण वाहक असेल आणि दुसऱ्याच्या या जनुकात कोणताही बिघाड नसेल, तर बाळाला आजार होत नाही. वाहक असणे हा दोष नाही, तो हिवतापाशी झुंजलेल्या पूर्वजांचा वारसा आहे. विदर्भ, नंदुरबार आणि आसपासच्या भागातील तरुण-तरुणींनी लग्न ठरण्याआधी ही तपासणी करून घ्यावी आणि पत्रिकेच्या आधी रक्ताचा अहवाल पाहावा.